बॉशसाहेब आणि अडकलेला प्लग

शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे माझं मराठी मधेच अडखळतं, तेव्हा आधीच सांभाळून घ्या!

दिवाळीच्या सुट्टीत बाबांबरोबर साताऱ्याला आजीकडे निघाले होते. आदल्या दिवशी आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचे प्लग मी स्वतः बदलले होते. थर्ड इयर मेकॅनिकल म्हटल्यावर एवढं तर यायलाच हवं ना! पान्याला पाइप लावून चांगले आवळले. वरवे बुद्रुकजवळ गाडी मिसिंग करायला लागली. इंजिन तापलेलं असतानाच मी पुन्हा पाना लावला, जोर दिला आणि कट्! वरचा भाग पोर्सिलिनसकट हातात आला, आट्यांचा भाग हेडमध्येच राहिला. बाबा काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

रस्त्याकडेच्या गॅरेजमधल्या काकांनी वाकून बघितलं, आट्यांवर तेल सोडलं आणि इंजिन गार होईपर्यंत हात लावायचा नाही म्हणून बजावलं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गरम असताना सहज जातात. बसल्या बसल्या त्यांच्या स्क्रूच्या डब्यावर मायको हे नाव दिसलं आणि सेमिनारसाठी वाचलेले रॉबर्ट बॉश आठवले.

बॉश यांचा जन्म 1861 चा, जर्मनीत उल्म शहराजवळच्या आल्बेक गावातला. बारा भावंडांत ते अकरावे. उल्ममध्ये मेकॅनिकचं काम शिकायला राहिले, पण उस्तादाचं शिकवण्याकडे लक्षच नव्हतं. ही खंत त्यांना आयुष्यभर राहिली. पुढे स्टुटगार्टच्या पॉलिटेक्निकमध्ये थोडे दिवस नुसते लेक्चरला बसले, डिग्री घेतलीच नाही. 1884 मध्ये अमेरिकेत जाऊन एडिसनच्या कारखान्यात काम केलं. 1886 मध्ये स्टुटगार्टला छोटं वर्कशॉप काढलं. सोबत एक कारागीर आणि एक पोऱ्या, बस्स! सुरुवातीची वर्षं ओढाताणीतच गेली.

1897 मध्ये त्यांच्याकडे तीनचाकी मोटारीचं एक इंजिन आलं. ते मिनिटाला 1800 फेऱ्या मारायचं आणि त्यांचा मॅग्नेटो मिनिटाला जेमतेम 200 ठिणग्या द्यायचा. तरी त्यांच्या माणसांनी तो जमवून दाखवला. तेव्हा सिलिंडरच्या आत हलणारे भाग एकमेकांपासून सुटले की ठिणगी पडायची. 1902 मध्ये त्यांचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी ही खटपटच काढून टाकली. जास्त व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि जागच्या जागी ठिणगी देणारा प्लग! प्लगची कल्पना जुनीच होती, पण रोज भरवशाने चालणारी जोडी यांनी दिली.

1906 मध्ये त्यांनी कारखान्यात आठ तासांचा दिवस सुरू केला. पहिल्या महायुद्धात झालेला नफा दान केला. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्यांच्याच कारखान्यांनी हिटलरच्या सैन्यासाठी माल बनवला, सक्तीने आणलेले मजूर राबवले. बॉश स्वतः हिटलरच्या विरोधकांना आणि ज्यूंना मदत करत होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 1942 मध्ये ते वारले. 1951 मध्ये बंगलोरला मायको सुरू झाली, पुढे नाशिकलाही कारखाना आला. आपल्या नाशिककरांचं मायको सर्कल त्यातलंच!

पण मला सगळ्यात आवडली ती 1913 ची गोष्ट. त्या वर्षी त्यांनी शिकाऊ मुलांसाठी कारखान्यात वेगळा विभाग काढला. आपल्याला नीट शिकायला मिळालं नाही, ते पुढच्या पोरांना मिळावं, म्हणून.

इंजिन गार झालं. काकांनी हवा मारून कचरा उडवला, उलट्या आट्यांचा इझी आउट आत बसवला आणि हँडल चक्क माझ्या हातात दिलं! मी घाबरले. आटे गेले असते तर हेडच उतरवावं लागलं असतं. थोडं डावीकडे, मग थांबायचं, तेल, पुन्हा थोडं. अर्ध्या तासाने तो तुकडा बाहेर आला. नवा प्लग मी आधी बोटांनीच पूर्ण फिरवला, मग पान्याने थोडासाच आवळला. पाइप काकांनी लपवूनच ठेवला होता!

प्रॅक्टिकलमध्ये ज्युनिअरच्या हातून काही तुटलं की आपण लगेच त्याच्या हातातला पाना काढून घेतो. पुढच्या वेळी मी तो त्याच्याच हातात ठेवणार आहे. तुम्हीही बघा जमतंय का.