कर्मवीर भाऊराव पाटील

पावसाळा ओसरला की जोयडा तालुक्यातील रानवाटांची दैना दिसू लागते. कोठे माती वाहून जाऊन धोंडे उघडे पडतात, तर कोठे ओहोळ वाटच गिळून टाकतो. याच वाटांनी वाड्यांवाड्यांतील मुले शाळेस येतात. अशी एक वाट नीट करण्याचे काम आम्ही एकदा उशिरा येणाऱ्या मुलांना शिक्षा म्हणून दिले होते. त्यात आमचे काय चुकले, हे आम्हांस कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्राने शिकविले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. कोल्हापुरात शिकत असता त्यांचे शालेय शिक्षण मॅट्रिकपूर्वीच थांबले. पुढे किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले आणि रयतेचे दारिद्र्य व अज्ञान त्यांनी डोळ्यांनी पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व एकाच पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, एवढेच नव्हे तर मंगळसूत्रही, दिले.

परंतु केवळ दानावर मुले वाढवावीत, हे भाऊरावांस मान्य नव्हते. मुले स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत, माळरान फोडून पिकाखाली आणीत. १९४० साली साताऱ्यास निघालेल्या महाराजा सयाजीराव विद्यालयात 'कमवा व शिका' ही योजना आकारास आली. श्रमाच्या मोबदल्यात गरिबाच्या मुलास शिक्षण मिळू लागले. कुदळ हाती घेतल्याने त्याची विद्या उणी झाली नाही. उलट आपण कोणाच्या उपकारावर शिकत नाही, हा ताठ कणा त्यास लाभला.

त्याच सुमारास अमेरिकेतही असाच एक प्रयोग चालू होता. मंदीने बेकार झालेल्या तरुणांची पथके राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ साली उभारली. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुणांनी त्यांत काम केले. त्यांनी झाडे लावली, उद्यानांतील पायवाटा बांधल्या आणि हाताला कसब मिळविले. महिन्याच्या ३० डॉलर वेतनातील बहुतांश रक्कम त्यांच्या घरी पोहोचत असे. कामाचा मोबदला व कामातून शिक्षण, हे सूत्र दोन्हीकडे एकच होते.

१९४७ साली भाऊरावांनी साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले. १९५९ साली त्यांना पद्मभूषण किताब मिळाला आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले. वटवृक्ष हे त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह होय, आणि ते तिला शोभून दिसते.

आता आमच्या वाटेकडे वळू. उशिरा येणारी ती मुले सर्वांत दूरच्या वाड्यांतील होती. वाट मोडली होती म्हणूनच त्यांना उशीर होत होता, हे साधे कारण आम्हांस तेव्हा सुचले नाही. ज्यांनी वाटेचा त्रास सोसला, त्यांच्याच माथी आम्ही शिक्षाही मारली! पुढच्या वर्षी वनखात्याची संमती घेऊन आम्ही शिक्षकांनीही घमेली उचलली. पाणी वाटेवरून न वाहता बाजूस जावे म्हणून दगडांची तिरपी ओळ कोठे रचावी, चर किती खोल खणावा, हे त्या मुलांनीच आम्हांस दाखविले.

विद्यार्थिमित्रहो, कुदळ ही शिक्षेची खूण नव्हे. ज्याने ती शिक्षा म्हणून दिली, त्यालाच प्रथम धडा शिकावा लागतो. भाऊरावांचे हे ऋण आम्ही नम्रपणे मान्य करतो.