नवसारीचे जमशेटजी आणि मावळची वीज

जमशेटजी टाटा यांचे नाव निघाले की पोलाद आठवते, मुंबईचे ताजमहाल हॉटेल आठवते. वीज सहसा आठवत नाही. मला मात्र त्यांच्या चरित्रातील हाच भाग फार मोलाचा वाटतो, आणि बडोदेकरांनी तो आवर्जून जाणून घ्यावा असा आहे. कारण जमशेटजी मूळचे आपल्याच मुलखातले. ३ मार्च १८३९ रोजी त्यांचा जन्म नवसारीस झाला, व नवसारी तेव्हा गायकवाड सरकारच्या अमलाखाली होती.

घराणे पारशी धर्मोपाध्यायांचे. वडील नसरवानजी यांनी पिढीजात उपाध्येपण सोडून मुंबईस व्यापार मांडला. जमशेटजींनी १८५८ साली एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण पुरे केले, दहा वर्षे वडिलांच्या पेढीत काढली आणि १८६८ साली २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास त्यांची एम्प्रेस मिल सुरू झाली.

गिरणीवाल्यास कोळशाचे दुखणे चांगले ठाऊक असते. मुंबईच्या गिरण्यांसाठी कोळसा दुरून आणावा लागे. खर्च भारी आणि शहरावर धूर. इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी धो धो कोसळून समुद्रास मिळे. मुंबईतील वास्तुविशारद डेव्हिड गॉस्लिंग यांच्या नजरेत हे पाणी भरले होते. जमशेटजींनी ती कल्पना उचलून धरली. पाऊस चार महिन्यांचा आणि गिरण्या बारमाही. म्हणून लोणावळ्याच्या बाजूस तलाव बांधून पाणी साठवावे, ते नळांतून खोपोलीस सुमारे १,७०० फूट खाली सोडून त्यावर चक्रे फिरवावीत, आणि वीज तारांवरून मुंबईस न्यावी, अशी ही योजना.

खरी मेख तारांत होती. तारेतून जाताना विजेचा काही भाग उष्णता होऊन वाया जातो, आणि हे नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दसपट केला तर तेवढीच वीज नेण्यास दहावा हिस्सा प्रवाह पुरतो, व नुकसान शंभराव्या हिश्शावर येते. परंतु दाब वाढवावा तर तार खांबापासून अलग ठेवणारे चिनी मातीचे इन्सुलेटर तितकेच भक्कम हवेत; कोकणच्या पावसात तर अधिकच. सुमारे १ लाख व्होल्टच्या दाबाने घाटाच्या पायथ्यापासून मुंबईपर्यंत सुमारे ७० किलोमीटर वीज नेणे ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट होती.

ती पाहणे जमशेटजींच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचा अंत झाला. पुत्र दोराबजी यांनी काम तडीस नेले. १९१० साली कंपनी उभी राहिली, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. त्यांचे दुसरे स्वप्न संशोधन-संस्थेचे. त्यासाठी त्यांनी सुमारे ३० लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली होती. म्हैसूर सरकारने जमीन दिली, व १९०९ साली बंगलोरची संस्था स्थापन झाली. १९११ मध्ये तेथे शिक्षण सुरू झाले, तेव्हा रसायनशास्त्राच्या बरोबरीने विद्युत-तंत्राचाही विभाग होता. यंत्रे परदेशातून विकत आणता येतात, त्यांमागची विद्या मात्र घरीच कमवावी लागते, असाच या देणगीचा अर्थ मी लावतो.

पण या कथेस दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. जमशेटजींच्या पश्चात मुळशीस टाटांचे आणखी एक धरण होऊ लागले, तेव्हा मावळातील पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी पाण्याखाली जाणार हे ठरले. १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह मांडला. पुढे सेनापती बापटांनी तो चालवला व तुरुंगवास भोगला. धरण थांबले नाही. १९२७ साली भिऱ्याची वीज सुरू झाली. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज गायकवाडांबरोबर पुणे-मावळ प्रांतातूनच इकडे आले. मुंबईच्या दिव्यांसाठी बुडालेली ती भाताची खाचरे आपल्यास परकी कशी म्हणावीत?

म्हणूनच मला बडोद्याचे काम महत्त्वाचे वाटते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली येथे कलाभवन काढले. पुढे त्यातूनच विद्यापीठाचे तंत्रविद्येचे शिक्षण वाढले. १९७४ साली याच शहरात ‘इलेक्ट्रिकल रिसर्च अँड डेव्हलपमेंट असोसिएशन’ ही संस्था निघाली. ट्रान्सफॉर्मर, केबल, इन्सुलेटर यांची कसोटी तेथे घेतली जाते. हे काम रुक्ष दिसते खरे. परंतु वाटेत वाया जाणारी वीज वाचली, तर तेवढी वीज नव्याने निर्माण करावी लागत नाही, आणि तिच्यासाठी कोणाचे शेतही बुडवावे लागत नाही. जमशेटजींनी वीज दूर नेण्याचा ध्यास घेतला; ती वाटेत सांडू न देणे हे त्यांच्या मागून आलेल्यांचे काम आहे, आणि मुळशीच्या शेतकऱ्यांचे ऋण काही अंशी फिटले तर ते याच वाटेने फिटेल.