काका बाप्टिस्टा : सर्वांचे नगरसेवक



ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की आपल्यापैकी काही जण मागे सरतात. आपण मूठभर, आपले तिथे काय काम, अशी आपली समजूत असते. म्हणून आज आपल्याच श्रद्धेतील एका नगरसेवकाची ओळख करून घेऊ या. त्यांचे नाव जोसेफ बाप्टिस्टा. मुंबईचे लोक त्यांना आदराने व प्रेमाने काका म्हणत.

काकांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत झाला. त्यांचे घराणे मूळचे उत्तनचे. पुण्यात त्यांनी इंजिनियरिंगचे शिक्षण घेतले. पुढे ते इंग्लंडमध्ये केंब्रिजला शिकले व बॅरिस्टर होऊन परतले.

त्या काळी मुंबईचा मूळचा कॅथोलिक समाज इंग्रज सरकारच्या जवळचा मानला जाई. सरकारी नोकऱ्यांत आपला हक्क राहावा म्हणून या समाजाने १८८७ साली ईस्ट इंडियन हे नाव घेतले होते. काकांना सुखाची नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी वेगळी वाट धरली.

१९०१ साली ते मुंबई महापालिकेचे सभासद झाले आणि १७ वर्षे त्यांनी हे काम केले. तेव्हाची महापालिका आजच्यासारखी नव्हती. १८८८ च्या कायद्याप्रमाणे ७२ सभासदांपैकी निम्मेच करदात्यांनी निवडलेले असत आणि कारभाराच्या किल्ल्या सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे असत. चाळीत राहणाऱ्या आपल्या कोकणी चाकरमान्याला मतच नव्हते. १९२२ साली दरमहा १० रुपये भाडे भरणाऱ्याला मत मिळाले, तरी एका खोलीत दाटीने राहणारे बहुतेक कामगार त्याच्या बाहेरच राहिले. ज्यांचे मत मिळणार नाही त्यांच्यासाठी कोण झटणार? काका झटले.

१९०८ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा काका त्यांच्या बाजूने उभे राहिले. टिळक सनातनी हिंदू आणि काका कॅथोलिक. पण दोघांची मैत्री तुटली नाही. टिळकांना ६ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी ६ दिवस काम बंद ठेवले. सरकारची नाराजी ओढवेल हे ठाऊक असूनही काकांनी मित्राची साथ सोडली नाही. १९१६ साली आपल्या घाटावरच्या बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष काकाच होते. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क आहे, या टिळकांच्या प्रसिद्ध घोषणेचे श्रेयही पुष्कळ जण काकांना देतात.

गिरणीतील व टपाल खात्यातील कामगारांसाठीही त्यांनी कष्ट घेतले. १९२० साली मुंबईत आयटक ही देशातील पहिली मोठी कामगार संघटना उभी राहिली. लाला लजपतराय तिचे अध्यक्ष होते आणि तिच्या उभारणीत काकांचा मोठा वाटा होता. पुढच्याच वर्षी झरियाच्या कोळसाखाणींच्या गावी भरलेल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद काकांकडे आले.

१९२५ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. महापौर हे नाव त्या पदाला १९३१ साली मिळाले. पण आज आपण त्यांना महापौर म्हणूनच ओळखतो. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. शिवडीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

माझगावच्या टेकडीवर डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ त्यांच्या नावाची बाग आहे. बागेखाली शहराला पाणी पुरवणारी टाकी आहे. वर मुले खेळतात, खाली पाणी साठते. नगरसेवकाचे काम असेच असते. घरोघरी पाणी आले की ते कोणी आणले हे कोणी विचारत नाही.

काकांचा समाज मुंबईतही मूठभरच होता. त्यांनी केवळ आपल्या समाजापुरते पाहिले असते, तर ते त्या समाजाचेच पुढारी राहिले असते. त्यांनी सर्वांचे पाहिले, म्हणून सर्वांनी त्यांना काका मानले. आपल्या वालावलमध्येही नळाचे पाणी, रस्ता आणि शाळा साऱ्यांचीच आहे. पुढच्या ग्रामसभेला आपण घरी बसायचे की जायचे, हे आज मिस्सा संपवून घरी जाताना आपण ठरवू या. मुंबईला जाणे झाले, तर शिवडीला काकांच्या कबरीवर एक मेणबत्ती जरूर लावू या.