न्यायमूर्ती रानडे : पदवी आणि पदवीपलीकडची विद्या

आपल्या ज्ञातीतील नूतन पदवीधरांचे अभिनंदन याही अंकात होत आहे. त्या आनंदात सहभागी होताना, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एका थोर पुरुषाचे चरित्र त्यांच्यापुढे ठेवावे, असे आम्हांस वाटते.

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. कोल्हापुरास प्रारंभीचे शिक्षण घेऊन ते मुंबईस एल्फिन्स्टनमध्ये आले. १८५९ साली नव्या विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली, तीत ते उत्तीर्ण झाले. पुढे १८६२ साली बी. ए., १८६४ साली एम. ए. व १८६६ साली एल्एल. बी. या पदव्या त्यांनी संपादिल्या. अतिवाचनाने डोळे अधू झाले, तरी दुसऱ्याकडून वाचवून घेऊन त्यांनी व्यासंग चालू ठेविला.

तथापि रानडे मोठे झाले ते केवळ पदव्यांमुळे नव्हे. सरकारी भाषांतरकार, अक्कलकोटचे कारभारी, कोल्हापूरचे न्यायाधीश, एल्फिन्स्टनमधील अध्यापक अशी परस्परभिन्न कामे त्यांनी थोड्याच वर्षांत केली. संस्थानचा कारभार कसा पाहावा हे कोणत्या क्रमिक पुस्तकात होते? परंतु कागद बारकाईने वाचणे, आकड्यांवरून अनुमान काढणे, दुसरी बाजू शांतपणे ऐकणे आणि आपले मत नेमके मांडणे या विद्यार्थिदशेतील सवयी सर्वत्र उपयोगी पडल्या. १८७१ साली पुण्यास आल्यावर सार्वजनिक सभेच्या कार्यास व तिच्या त्रैमासिकास त्यांचाच लाभ झाला. १८९३ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

हीच विद्या त्यांनी पुढच्या पिढीस दिली. तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांजकडून ते अहवालांचा अभ्यास करवीत, लेखन करवून घेत व ते कसोशीने तपाशीत. १८९७ साली गोखल्यांनी वेल्बी आयोगापुढे विलायतेत साक्ष दिली, तिच्यामागे ही तालीम होती. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले.

पदवी हाती असूनही साधा अर्ज लिहिताना अडखळणारे तरुण आम्ही आपल्याच घरांत पाहतो. दोष एकट्या त्यांचा नव्हे. आपण त्यांना गुण तेवढे विचारले, काम कधी सोपविले नाही. म्हणून आमची विनंती अशी की, प्रत्येक विद्यार्थ्याने शिक्षण चालू असतानाच मंडळाच्या एखाद्या सभेचे इतिवृत्त लिहावे, एक वर्षाचा जमाखर्च तपासावा, लहानांस शिकवावे. वडीलधाऱ्यांनी चुका सुधाराव्यात; काम मात्र काढून घेऊ नये.