चित्रातले जमशेटजी

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे नाव तुम्ही ऐकले असेल. ही अक्षरे सर जमशेटजी जिजीभाई यांच्या नावाची आहेत. त्यांचे एक जुने रंगीत चित्र प्रसिद्ध आहे. चित्रात जमशेटजी बसले आहेत आणि त्यांच्याजवळ एक चिनी सहायक उभा आहे. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याच्या चित्रात चिनी माणूस कशासाठी, असा प्रश्न तुम्हांला पडेल. त्यासाठी जमशेटजींचे आयुष्य पाहावे लागेल.

जमशेटजींचा जन्म 1783 साली झाला. घरची परिस्थिती हलाखीची होती. सोळाव्या वर्षाच्या सुमारास आईवडिलांचे छत्र हरपले आणि ते मुंबईत मामांकडे राहू लागले. मामा फ्रामजी बाटलीवाला रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करीत. तेथे जमशेटजी हिशेब शिकले, थोडीफार इंग्रजी शिकले आणि लवकरच चीनला जाणाऱ्या जहाजावर चढले.

त्यांनी चीनच्या एकूण पाच सफरी केल्या. त्या काळी शिडाच्या जहाजाने जायला महिने लागत. वादळ, रोगराई आणि शत्रू यांचे भय असे. 1805 साली चीनला जाताना त्यांचे ‘ब्रन्सविक’ जहाज फ्रेंचांनी पकडले. इंग्रज व फ्रेंच यांचे तेव्हा युद्ध चालू होते. कैद्यांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे नेण्यात आले. जमशेटजींचा माल गेला, पैसा गेला. अंगावरच्या कपड्यांनिशी, मोठ्या कष्टाने ते मायदेशी पोहोचले. दुसरा कोणी असता तर पुन्हा समुद्राचे नाव घेतले नसते! जमशेटजी मात्र 1807 मध्ये परत चीनला निघाले. फ्रेंचांनी पकडलेल्या ‘ब्रन्सविक’ जहाजावर विल्यम जार्डिन नावाचे इंग्रजांकडचे डॉक्टरही होते. पुढे तेही मोठे व्यापारी झाले आणि दोघांचा व्यवहार अनेक वर्षे चालला.

युरोपातील युद्धांमुळे कापसाचे भाव चढले आणि जमशेटजींना भरपूर नफा झाला. मग त्यांनी स्वतःची पेढी काढली. तिचे भागीदार लक्षात ठेवण्यासारखे आहेत : जैन व्यापारी मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोगे. तिघांचे धर्म वेगळे, पण हिशेबाची वही एक.

येथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. कापसाबरोबर ही पेढी माळव्याची अफूही चीनला पाठवत असे. चीनच्या बादशहाने अफूवर बंदी घातली होती. अफूच्या व्यसनाने तिकडची असंख्य घरे उद्ध्वस्त होत होती. कंपनी सरकारला या व्यापारातून मोठे उत्पन्न मिळे, म्हणून इंग्रजांनी तो थांबवला नाही. 1839 साली चीनने इंग्रज व्यापाऱ्यांची वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली, तेव्हा युद्ध पेटले. ते 1842 मध्ये संपले आणि त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ हा किताब मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. काही जण म्हणतात की, त्या काळी सगळेच तसा व्यापार करीत. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. चित्रातल्या त्या चिनी माणसाला ते पटले असते का, तुम्हीच विचार करा.

पण त्यांचे दानही तितकेच खरे आहे. 1822 साली त्यांनी मुंबईच्या तुरुंगात कर्जापायी अडकलेल्या गरिबांचे कर्ज स्वतः फेडून त्यांना सोडवले. रुग्णालयासाठी त्यांनी लाखाहून अधिक रुपये दिले. ते 1845 मध्ये सुरू झाले. 1857 मध्ये त्यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली. तीच आजची जे. जे. कलाशाळा.

चित्रात त्यांच्या पत्नी आवाबाई नाहीत. त्या मामांच्याच कन्या. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हा खाडी होती. लोक होडीने ये-जा करीत आणि पावसाळ्यात तो प्रवास धोक्याचा असे. आवाबाईंनी तेथे रस्ता बांधण्यासाठी एक लाख रुपये दिले. काम अर्धवट राहण्याची वेळ आली, तेव्हा आणखी सत्तावन्न हजार दिले. अट एकच होती, सरकारने या रस्त्यावर कोणाकडूनही पथकर घ्यायचा नाही. 1845 मध्ये रस्ता पूर्ण झाला. माहीमच्या दर्ग्याहून वांद्र्याकडे तुम्ही कधी बसने गेलात, तर तो याच वाटेने.

1857 मध्ये जमशेटजींना ‘बॅरोनेट’ हा वंशपरंपरागत किताब मिळाला. 14 एप्रिल 1859 रोजी त्यांचे निधन झाले. पुढे कायद्याने असे ठरले की, जो वारस किताबाचा मानकरी होईल त्याने आपले नाव सोडून त्यांचेच नाव घ्यावे. त्यामुळे थोरले चिरंजीव करसेटजी हेही सर जमशेटजी जिजीभाई म्हणून ओळखले जाऊ लागले.