शल्यविशारद गिळण्याची कल्पना मांडणारे फाइनमन

शरीरात शिरून बाहेरील चुंबकाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या सूक्ष्म यंत्रमानवांचा इतिहास बहुधा १९५९ मधील एका भाषणापासून सांगितला जातो. ते देणारे रिचर्ड फाइनमन हे वैद्य नव्हते, तर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते.

११ मे १९१८ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचा जन्म झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून ते लॉस अलामोस येथील अणुबॉम्ब प्रकल्पात रुजू झाले. त्याच काळात त्यांच्या पत्नी अर्लीन क्षयाने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या रोगावरील प्रभावी औषध रुग्णांच्या हाती येण्यापूर्वीच, जून १९४५ मध्ये, त्यांचे निधन झाले.

पुढे फाइनमन कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेत प्राध्यापक झाले. २९ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या बैठकीत त्यांनी अतिसूक्ष्म यंत्रे घडविण्याच्या शक्यतेवर भाषण दिले. रुग्णाने चिमुकला शल्यविशारदच गिळावा, त्याने रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत जावे आणि बिघडलेली झडप कापून दुरुस्त करावी, ही कल्पना त्यात होती. ती आपले स्नेही अल्बर्ट हिब्ज यांची असल्याचे त्यांनी भाषणातच सांगून टाकले.

एका इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढी, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटरची विद्युत मोटार बनविणाऱ्यास त्यांनी एक हजार डॉलरचे बक्षीस जाहीर केले. वर्षभराच्या आतच, १९६० मध्ये, विल्यम मॅक्लेलन या अभियंत्याने ती तयार केली. फाइनमन यांनी बक्षीस दिले. पण सूक्ष्मदर्शक आणि चिमटा अशा नेहमीच्याच साधनांनी काम भागल्याने नवे तंत्र शोधले जावे, हा त्यांचा हेतू साधला नाही.

खरी अडचण वेगळीच होती. इतक्या लहान यंत्रात बॅटरी बसविणे कठीण, आणि त्या आकारमानाला रक्त मधासारखे दाट भासते. तेथे माशासारखे शेपूट हलवून पुढे सरकता येत नाही. चुंबकीय क्षेत्र मात्र शरीरातून सहज आरपार जाते. ते बाहेरून फिरवले की मळसूत्राच्या आकाराचा कण स्क्रूप्रमाणे वाट काढतो.

१९६५ मध्ये फाइनमन यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७८ मध्ये त्यांच्या पोटात कर्करोगाची मोठी गाठ आढळली. पोट उघडून केलेल्या एकाहून अधिक मोठ्या शस्त्रक्रिया त्यांना सोसाव्या लागल्या. शरीर न फाडता आत जाणारा शल्यविशारद त्यांच्या हयातीत अवतरला नाही. १५ फेब्रुवारी १९८८ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

२००७ मध्ये माँट्रियल येथील सिल्व्हँ मार्टेल यांच्या चमूने एमआरआय यंत्राच्या चुंबकीय बळाने दीड मिलिमीटरचा लोहचुंबकीय मणी जिवंत डुकराच्या मानेतील धमनीत इच्छेप्रमाणे फिरविला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अंबरीश घोष यांच्या चमूने दातांच्या सूक्ष्म नलिकांत चुंबकाने मळसूत्री कण चालवून दाखविले. हे उपचार अद्याप रुग्णालयांतील नित्याचा भाग झालेले नाहीत. मात्र मित्राची गमतीदार वाटणारी कल्पना फाइनमन यांनी हसण्यावारी नेली नाही, म्हणूनच ती संशोधकांपर्यंत पोहोचली.