इंटरनेटचे नंबर फुकट वाटणारा माणूस : कोण होते जॉन पोस्टेल?

मेल २५ नंबरच्या पोर्टवरून जातो. साधी वेबसाइट ८० नंबरच्या पोर्टवर उघडते. जगात कुठेही जा, हेच नंबर. पण हे ठरवलं कोणी?

बरीच वर्षं या प्रश्नाचं उत्तर एकाच माणसापाशी येऊन थांबायचं. लांब दाढी, पायात सँडल, नाव जॉन पोस्टेल.

पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेनाचा. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात ते शिकत होते, तेव्हाच म्हणजे १९६९ मध्ये तिथे अर्पानेटचं पहिलं केंद्र सुरू झालं. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचा पूर्वज. या नेटवर्कचे नियम लिहिलेल्या कागदांना आरएफसी म्हणायचे. ते तपासून, नंबर देऊन प्रसिद्ध करायचं काम पोस्टेल यांच्याकडे आलं, ते शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं.

लवकरच एक अडचण दिसायला लागली. दोन प्रोग्राम्सनी एकच नंबर वापरला तर गोंधळ होणार. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी सुचवलं की नंबर वाटायला एकच माणूस असावा, आणि तो माणूस आपणच होऊ. कुणी फारसा विरोध केला नाही. खरं सांगायचं तर हे कंटाळवाणं काम दुसऱ्या कुणाला नकोच असावं!

१९७७ पासून ते आयएसआय या संशोधन संस्थेत होते. तिथे जॉयस रेनॉल्ड्स यांच्यासोबत ते वाटलेल्या नंबरांची यादी सांभाळायचे आणि वेळोवेळी छापायचे. या कामाला पुढे आयाना हे नाव मिळालं. नाव भारदस्त, पण माणसं मोजकीच.

याच यादीत एक फारसा कुणाला माहीत नसलेला प्रकार आला : ऑब्जेक्ट आयडेंटिफायर, म्हणजे ओआयडी.

समजा, एखाद्या कॉलेजने कर्मचाऱ्यांची डिरेक्टरी सर्व्हरवर ठेवली आहे. नाव, फोन, ईमेल हे रकाने तयार मिळतात. पण कॉलेजला 'रक्तगट' हा नवा रकाना हवाय. रकान्यांच्या या आराखड्याला स्कीमा म्हणतात, आणि त्यातल्या प्रत्येक रकान्याला जगात दुसऱ्या कुणाकडेच नसलेला नंबर लागतो. मनाने नंबर ठोकला तर? आज काहीच बिघडत नाही. पण उद्या दुसऱ्या कॉलेजची डिरेक्टरी याच सर्व्हरवर आली आणि त्यांनी तोच नंबर 'वसतिगृहाची खोली' यासाठी वापरलेला असला, की संपलं. प्रयोगापुरतं म्हणून सुरू केलेल्या गोष्टी कशा कायमच्या होतात, हे कुठल्याही ऑफिसात विचारा.

उपाय सातबाऱ्यासारखा आहे. गट नंबर एकदा तुमच्या नावावर झाला की आतले पोटहिस्से तुम्ही पाडा, शेजाऱ्याशी टक्कर होत नाही. ओआयडीचं झाड असंच वरून खाली वाटत येतं. १ म्हणजे आयएसओ ही मानक संस्था, १.३ म्हणजे तिने ओळखलेल्या संस्था, १.३.६ म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं, १.३.६.१ म्हणजे इंटरनेट. गंमत म्हणजे ही शेवटची फांदी खातं आपल्याला देईलच, असं इंटरनेटवाल्यांनी गृहीत धरलं होतं आणि तसं कागदावर लिहूनही ठेवलं होतं. त्याखाली १.३.६.१.४.१ ही फांदी कंपन्या आणि संस्थांसाठी. आयबीएमला २, सिस्कोला ९. अर्ज केला की पुढचा नंबर मिळायचा. पैसे? शून्य.

१९९५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी नेटवर्क सोल्युशन्स ही कंपनी वर्षाला ५० डॉलर घ्यायला लागली, तेव्हा या फुकटपणाची किंमत लक्षात येते. देशांच्या डोमेनबाबतही पोस्टेल यांनी वाद टाळला. कोणता भाग देश मानायचा हे स्वतः न ठरवता त्यांनी आयएसओची तयार यादी वापरली. भारताचं डॉट इन १९८९ मध्ये आलं, ते याच पद्धतीतून.

पण एवढी सत्ता एका माणसाकडे असावी का?

२८ जानेवारी १९९८ ला हा प्रश्न उघड्यावर आला. इंटरनेटवरच्या नावांची मूळ यादी रूट सर्व्हरवर असते. पोस्टेल यांनी आठ रूट सर्व्हरच्या चालकांना एक मेल केला : यादी नेटवर्क सोल्युशन्सकडून घेऊ नका, आयानाच्या मशीनवरून घ्या. त्यांनी ऐकलं! कुठला कायदा नाही, करार नाही, फक्त शब्द. व्हाइट हाउसमध्ये धावपळ झाली. सरकारी सल्लागार आयरा मॅगझिनर यांच्या दबावानंतर पोस्टेल यांनी सगळं पूर्ववत केलं आणि ही चाचणी होती असं सांगितलं. चाचणी की इशारा, यावर अजून वाद होतो. इशारा असण्याची शक्यताच जास्त वाटते, कारण या व्यवस्थेचं काय करायचं याचा प्रस्ताव अमेरिकन सरकार त्याच आठवड्यात आणणार होतं.

त्यानंतर एका माणसाच्या भरवशावरचा कारभार टिकणं अवघडच होतं. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला आयकॅन ही संस्था स्थापन झाली. तिच्या उभारणीत पोस्टेल स्वतः होते. १९९१ मध्ये त्यांच्या हृदयाची झडप बदलली होती. १९९८ मध्ये पुन्हा शस्त्रक्रिया झाली, गुंतागुंत वाढली आणि १६ ऑक्टोबरला ते गेले. वय ५५. आयकॅन तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांची होती.

आयानाचं काम पुढे आयकॅनकडे गेलं. १.३.६.१.४.१ खाली आजवर ६० हजारांहून जास्त नंबर वाटून झालेत. अर्ज ऑनलाइन भरता येतो, कंपनी असावी लागते असंही नाही, आणि फी अजूनही शून्यच आहे.